रोयणीपुढचं गाऱ्हाणं

"लोखंड काढा गो सगळ्यांनी. आकडे, पिनी, चावये, जा काय आसात ता," मी म्हटलं आणि आधी माझ्याच पदराची पिन काढून टोपलीत टाकली.

आमच्या खोलवाडीच्या राईच्या तोंडाशी दगडांची एक ओळ आहे. तिच्या पलीकडे लोखंड न्यायचं नाही, चपला न्यायच्या नाहीत आणि चैत्रातल्या पहिल्या मंगळवारी पुरुषालाही न्यायचं नाही. बायका एकेक करत पुढे आल्या. कुणी केसांतले आकडे काढले, कुणी कमरेची किल्ली, कुणी गळ्यातल्या पोतीला अडकवलेली पिन. काशीमावशीनं टोपलीत पिन टाकता टाकता माझ्या गालावरून हात फिरवला. "अगदी द्वारकेसारी उभी रवलंस गो," ती माझ्या आईचं नाव घेऊन म्हणाली.

तिच्या मागे सगुणाकाकी होती. तिनं दोन पिना टाकल्या आणि माझ्याकडे न बघता ओळ ओलांडली. जा, मी मनात म्हटलं. आत गेल्यावर बघू तू कुठे बघतेस ते.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, आज सत्तरीला टेकले आहे. त्या मंगळवारी मी देवीला नटूनथटून भेटायला गेले नव्हते. मी सूड घ्यायला गेले होते, आणि सूड कसा घ्यायचा हे वेंगुर्ल्याहून एसटीतून येताना नीट ठरवून ठेवलं होतं.

राईत देवीची मूर्ती नाही. वारूळ आहे, पुरुषभर उंच, लाल मातीचं. वारुळाला आमच्याकडे रोयण म्हणतात, आणि ती रोयण हीच सातेरी. म्हणजे मातीच देवी, तिला वर छप्पर नाही की घंटा नाही. वर्षभर आपण भुईला कुदळ मारतो, नांगर घालतो, खुंट ठोकतो. चैत्रात पालवी फुटली की एक दिवस तिचा. त्या दिवशी प्रत्येक बाईनं आपल्या परसातली मूठभर माती आणायची, ती रोयणीच्या पायथ्याशी हातानं लिंपायची आणि मग गाऱ्हाणं घालायचं. एकीनं एकेक वाक्य म्हणायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला "व्हय गे माये" म्हणायचं. व्हय म्हटलं की ते मागणं त्या बाईचंही झालं. तोंडदेखलं व्हय म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण ऐकणारी पायाखालीच होती.

हे गाऱ्हाणं माझी आई घालायची. तिला तिच्या सासूनं दिलं होतं, आणि मी लहानपणापासून तिच्या मागे बसून ऐकत आले होते. आई मुळ्याही द्यायची. बाळंतिणीला दूध आणणारी मुळी, पोराच्या तापावरची साल, गुराच्या पोटफुगीवरचा पाला. कुठल्या झाडाकडून काय घ्यायचं, आणि घेण्याआधी त्याला काय म्हणायचं, हे तिला ठाऊक होतं. अशा बाईला लोक गरज असेल तेव्हा काकी म्हणतात. गरज नसेल तेव्हा काय म्हणतात ते आम्हाला तीन वर्षांपूर्वी कळलं होतं.

तीन वर्षांपूर्वी सगुणाकाकीला तिच्या उंबऱ्याखाली एक पुडी सापडली. आत लिंबू, सुक्या मिरच्या, काळा दोरा आणि सात सुया. पुडी बांधलेली होती जांभळ्या काठाच्या चिंधीत, आणि तसलं लुगडं वाडीत एकट्या माझ्या आईचं होतं. सगुणाकाकीनं अंगणात उभं राहून बोंब मारली. आई म्हणाली, "माझा नाय." लोक अर्धेमुर्धे गप्प बसले. पण चौथ्या दिवशी सगुणाकाकीचा तीन वर्षांचा मुलगा तापानं गेला, आणि मग कुणी काही विचारायचं उरलं नाही. द्वारका चेटकीण. सगुणाकाकीनं तिची वेणी धरून विळीवर कापली आणि बायका बघत उभ्या राहिल्या. पुरुषांनी बैठक घेऊन सांगितलं की वाडीत राहायचं नाही.

मी तेव्हा वेंगुर्ल्याला काजूच्या कारखान्यात होते. आईला माझ्या खोलीवर कोण घेऊन आलं? काशीमावशी. आमच्याच कुंपणापलीकडची, आईची जन्माची मैत्रीण. वाडीत एकटी तीच आईशी बोलत राहिली. तिनं आईच्या भादरलेल्या डोक्याला आपल्या पदरानं झाकून एसटीतून आणलं, माझ्या खोलीत चूल मांडून दिली आणि जाताना इतकी रडली की मीच तिला पाणी दिलं.

आई माझ्याकडे चौदा महिने जगली. खोलीला शहाबादी फरशी होती. आई तिच्यावर बोट फिरवत बसायची. "हिका कान नाय गो," म्हणायची. शेवटी शेवटी तिला रस्त्याकडेची माती पदरात बांधून आणायची सवय लागली, आणि ती माती मी केरात टाकायचे. ते मी स्वतःला आजही माफ केलेलं नाही. पण तेव्हा मी स्वतःवर चिडत नव्हते, सगुणाकाकीवर चिडत होते. पुडी तिनंच ठेवली आणि तिलाच सापडली, असं मी ठरवून टाकलं होतं. आई असताना राईत तिला दुसऱ्या ओळीत बसावं लागायचं आणि ते तिला खुपायचं, हे सगळ्यांना माहीत होतं.

आईनंतरच्या दुसऱ्या फाल्गुनात काशीमावशी पुन्हा खोलीवर आली. तिनं कोकमं आणली होती, कुळथाचं पीठ आणलं होतं.

"तीन वर्सा झाली, सातेरी आयेक गाऱ्हाणा नाय," ती म्हणाली. "मोहोर करपता. दोन गायी पान लागान गेली. आणि माझ्या मंदाची दोन वेळा पोटातच गेली. आता तिसऱ्यांदा दिवस गेलेत, पाचवो लागतलो. शब्द तुझ्याकडेच आसत गो शेवंता. तू येतलंस?"

पान लागणं म्हणजे साप डसणं, आणि मंदा म्हणजे तिची सून. मी विचारलं, "सगुणाकाकी येतली काय?"

"सगळी येतली. तीय येतली."

"मग येतंय."

मावशीला रडू आलं. तिला वाटलं, माझं मन मोठं आहे.

आईचा एक नियम होता, गाऱ्हाण्यात कुणाचं वाईट मागायचं नाही. मोहोर माग, पाऊस माग, ओटी भर म्हण, पण वाईट मागू नको. मला नियम तोंडपाठ होता. तो मोडायचा असं ठरवूनच मी एसटीत बसले.

राईत शिरल्यावर कुणी बोलत नाही, निदान पहिली दहा पावलं तरी. सुरंगी फुलली होती आणि तिचा वास अंगाला चिकटत होता. कोशिंबाची पालवी लालभडक झाली होती. पाय पाचोळ्यात घोट्यापर्यंत बुडत होते. तीन वर्षं इथे कुणी झाडलं नव्हतं, रोयण मात्र दोन वितींनी वाढली होती. आईला टाकून वाढलीस होय, मी तिला मनात म्हटलं.

मग बायकांच्या जिभा सुटल्या. कुणी पाचोळा ओढला, कुणी कुंभ्याची पानं जोडून पत्रावळी केल्या. विळी नाही, सुरी नाही, म्हणून कैऱ्या दगडावर ठेचायच्या आणि नारळ पाषाणावर आपटायचे. एकीचा नारळ फुटेना.

"नारळावर कसला जोर काढतंस? घोवावर काढ," काशीमावशी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मंदा पोटाला हात लावून हसत होती. बावीस वर्षांची असेल. तिला मावशीनं रोयणीच्या अगदी पुढ्यात बसवलं होतं, तिच्यासाठीच तर सगळं चाललं होतं.

मातीच्या मुठी आल्या. प्रत्येकीनं आपली माती पाण्यात कालवून उजव्या हातानं रोयणीच्या पायथ्याशी लिंपली. मी आमच्या बंद घराच्या परसातली आणली होती. सगुणाकाकीनं लिंपताना हात जरा जास्तच वेळ तिथे ठेवला. मुलाच्या नावानं काहीतरी पुटपुटत होती. ढोंग, मी म्हटलं.

सगळ्या बसल्या. अठरा बायका, आणि एकोणिसावी मी उभी. सकाळचे दहा वाजले असतील. मी डोक्यावर पदर घेतला आणि आईच्या आवाजात सुरुवात केली. तो आवाज माझ्याकडे आहे हे मलाही तोवर माहीत नव्हतं.

"आये सातेरी, मातयेच्या माये, बारा रायांच्या आणि बारा पाणंदींच्या राखणकरणी!"

"व्हय गे माये!"

"वर्सभर तुका कुदळ लावली, नांगर लावलो, तुझ्या अंगार खुंट मारले, ता आमचा चुकला म्हणान घी!"

"व्हय गे माये!"

"झाडाक विचारल्याशिवाय पान तोडला, मुळाक सांगल्याशिवाय मूळ काढला, ताव पोटात घाल!"

"व्हय गे माये!"

आवाज वाढत गेला. तीन वर्षांची तहान होती. अठराच्या अठरा आवाज मला ओळखू येत होते, लहानपणापासून ऐकलेले. सगुणाकाकीचा फाटका आणि वरचा. मंदाचा कोवळा. काशीमावशीचा घोगरा, नेहमी सगळ्यांच्या मागून एक मात्रा उशिरा येणारा. मी मोहोर मागितला, वेळेवरचा पाऊस मागितला, गुरांना पान लागू नये म्हणून मागितलं. मंदाचं नाव घेऊन म्हटलं, "हिच्या पोटातला फळ पिकांदे, हिची ओटी जड होवंदे!"

"व्हय गे माये!" मावशीचा हात मंदाच्या पाठीवर होता.

मग मी थांबले. इथे आई खाली वाकून मातीला कपाळ टेकवायची आणि गाऱ्हाणं संपायचं. मी वाकले नाही. मी सगुणाकाकीच्या तोंडाकडे बघितलं आणि माझं वाक्य म्हटलं.

"आये, जो हात ती पुडी पुरूक उंबऱ्याखाली गेलो, आणि जेच्यापायी माझी आवस चेटकीण झाली, तो हात तू ओळखतंस! तो हात जेका लागात, ता करपान जावंदे!"

राईत असलं काही कुणी ऐकलं नव्हतं. मी वाट बघत होते, सगुणाकाकीची जीभ अडखळायची, डोळे खाली जायची. तेवढं झालं असतं की सगळ्या बायकांना कळलं असतं, आणि मग तिचं उरलेलं आयुष्य त्यांनीच बघून घेतलं असतं.

"व्हय गे माये!" सगुणाकाकी ओरडली. फाटका, वरचा आवाज, पहिला तिचाच. छातीवर हात मारून म्हणाली, "व्हय गे माये! करपांदे!"

तिच्यामागून बाकीच्यांनी म्हटलं. आणि मी मूर्खासारखी उभी राहिले. खोटं बोलणाऱ्या बाईचा आवाज तो नव्हता. ती खरोखरच मागत होती. तिला खरोखरच वाटत होतं की तो हात आईचा, आणि मेलेला हात आता कशाला लागणार याचाही तिनं विचार केला नव्हता.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की घोगरा आवाज आला नाही.

मी म्हटलं, आपला भास असेल. ती उशिराच म्हणते. मी वाक्य पुन्हा म्हटलं, सगळं, पहिल्यापासून. बायकांनी पुन्हा व्हय म्हटलं. मी कान देऊन मागून येणाऱ्या त्या एका मात्रेची वाट बघितली. कोशिंबाच्या शेंड्यावर एक कावळा ओरडला, बाकी काही नाही.

काशीमावशी खाली मान घालून बसली होती. ओठ घट्ट मिटलेले. मंदाच्या पाठीवरचा हात तिनं काढून घेतला होता आणि मांडीखाली दाबून धरला होता.

"मावशी," मी म्हटलं, "तू व्हय नाय म्हटलंस."

"म्हटलंय गो."

"नाय म्हटलंस. माका आयकाक येता."

सगुणाकाकी वळली. "काशये, म्हण मा. कित्याक म्हणना नाय?"

मावशीनं मांडीखालचा हात आणखी दाबला.

"आये, काय झाला?" मंदानं विचारलं. "बरा नाय काय?"

एखादीनं नुसतं म्हणून टाकलं असतं. दोन शब्द, कुणाला काय कळणार होतं? शहरातली बाई असती तर हसत म्हणाली असती. पण मावशी त्या मातीवर बसली होती, हाताला तिचीच माती लागलेली, आणि सून पुढ्यात पोटुशी. तिला ते दोन शब्द म्हणता येईनात. ती माझ्याकडे बघायला लागली. मला आजही वाटतं, तिला वाटत होतं की मी सांभाळून घेईन.

"चिंधी तुझ्याकडे खंयसून इली?" मी विचारलं. मला ते त्याच क्षणी सुचलं.

"वाकळ शिवलंव न्हय आमी दोघांनी," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली. "तिच्या लुगड्याचे तुकडे माझ्याकडे उरलेले."

बायकांमधून एक आवाज निघाला, श्वास आत घेतल्यासारखा. सगुणाकाकी अजून बसलेलीच होती. तिला समजायला वेळ लागला.

"कित्याक?" मी विचारलं.

"तुका मागली होती गो मी. शांतारामाक." शांताराम तिचा मुलगा, आता मंदाचा नवरा. "मी माझ्या तोंडान मागलंय. तर द्वारका म्हणता, तुझो झिल दारू पिता, माझा चेडू मी तेका देवचंय नाय. चार बायकांत म्हणाली. माका जन्माची मैतरीण म्हणणारी! माका रवाक नाय. म्हटला, एक दिस तिचाव नाक कापांदे. भांडाण होयत, चार दिस कोणी बोलूचा नाय, मगे आपणच समजूत घालूया. येवढाच. देवाशपथ येवढाच. माका काय म्हायत सगुणाचो झिल जातलो!"

"आणि गेल्यावर?"

"गेल्यावर कसा सांगू? सगुणान माका जित्ती सोडली आसती?"

सगुणाकाकी उठली. ती मावशीच्या अंगावर धावली आणि तिच्या केसांना हात घातला. मी मधे पडले.

"हयसर हात उचलूचो नाय," मी म्हटलं. "आणि तू तर नायच. तुझो हात माझ्या आवशीच्या केसांक लागललो आसा. खाली बस."

सगुणाकाकी होती तिथे बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. पुढे मी वाडीत राहायला आले तेव्हा ती माझं अंगण रोज सकाळी झाडून जायची, न विचारता आणि न बोलता, कितीतरी वर्षं. मी तिला नको म्हटलं नाही आणि बसही म्हटलं नाही.

मी मावशीकडे वळले. मला काय वाटलं ते सरळ सांगते. दुःख नंतर झालं, खूप झालं. तिच्या हातचं खाल्लेलं आठवलं, एसटीतला तो पदर आठवला. पण त्या क्षणी मला बरं वाटलं. तीन वर्षं माझा राग चुकीच्या दारात उभा होता. त्याला आता बरोबर दार मिळालं, आणि ते दार माझ्या पायाशी बसलं होतं.

"व्हय म्हण," मी म्हटलं.

"शेवंता, माझी मंदा..."

"अठरा जणींनी म्हणूक व्हया. सतरांनी म्हटला. तू म्हणना नाय तोसर गाऱ्हाणा पुरा होना नाय. मंदाच्या पोटाचा मागणाव पुरा होना नाय. तूच माका बोलावन हाडलंस."

हे मी तिथल्या तिथे रचलं नव्हतं. तसाच रिवाज होता, अर्धवट गाऱ्हाणं सातेरी ऐकत नाही. मंदा सासूकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसती भीती होती.

मी वाक्य तिसऱ्यांदा म्हटलं, सावकाश. तो हात जेका लागात, ता करपान जावंदे. बायकांनी या वेळी काही म्हटलं नाही. सगळ्या थांबल्या. मग मागून, एकटाच, घोगरा आवाज आला.

"व्हय गे माये."

मी वाकून मातीला कपाळ टेकवलं आणि गाऱ्हाणं संपवलं.

ओळीबाहेर आल्यावर बायका आपापलं लोखंड उचलून पळाल्याच म्हणायच्या. मावशी माझ्यामागे आली. तिनं उजवा हात पदरात गुंडाळून घेतला होता.

"घालणारीक मागे घेवक येता," ती म्हणाली. "द्वारकेन माका सांगलेला. 'आये, बोललंय ता परत घी' इतक्याच म्हणूचा. रोयणीक हात लावन. तुझ्या पाया पडतंय. माझा काय व्हायचा ता होवंदे, मी मरान जातंय. पण नातवंड येतला, तेका मी कसा घेव?"

"माझी आवस 'माझा नाय, माझा नाय' म्हणत होती तेव्हा तू खंय होतंस?"

"थंयच. तिच्या बाजूक."

"मगे?"

मी टोपलीतून माझी पिन काढली, पदराला लावली आणि निघाले.

श्रावणात मंदाला मुलगी झाली, चांगली धडधाकट, काळ्याभोर जावळाची. वाडीत पेढे वाटले गेले. गाऱ्हाणं फळलं म्हणून बायका माझी ओटी भरायला आल्या आणि तू आता इथेच राहा म्हणाल्या. मी कारखाना सोडून आईच्या घरात राहायला आले.

बारशाला मी गेले होते. मावशी पाळण्यापासून चार हात लांब, दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. उजव्या हाताला मनगटापासून बोटांपर्यंत फडकं गुंडाळलेलं. बायकांनी म्हटलं, डाव्या हातानं तरी दोरी ओढ. ती नको म्हणाली. चुकून उजवा लागला तर? तिनं परसात वेल लावायचं सोडलं, गाईचं दूध काढायचं सोडलं, तुळशीला पाणी मंदा घालू लागली. मंदानं तिला एका शब्दानं दुखावलं नाही. शांताराम म्हणायचा, आई वेडी झाली. वाडीत सगळ्यांना माहीत होतं की ती वेडी नाही.

ती आणखी अकरा वर्षं जगली. दर चैत्रात, पहिल्या मंगळवारी, मी राईत गाऱ्हाणं घालायचे आणि ती दगडांच्या ओळीबाहेर बसून ऐकायची. आत यायची नाही. मी मातीला कपाळ टेकवायला वाकले की तिची मान वर यायची, या वर्षी म्हणेल म्हणून. हल्ली कधीकधी ते वाक्य माझ्या ओठावर येतं. रोयणीला हात लावून मी एकदा ते म्हटलंही. पण आता ते ऐकून सुटेल असं कुणी उरलेलं नाही.

मात्र मनात राहिला आहे तो एकच दिवस, त्या पहिल्या गाऱ्हाण्यानंतर दोन वर्षांचा. पोर पावणेदोन वर्षांची झाली होती, दुडक्या पावलांनी धावायला लागली होती. वैशाखातली सकाळ होती. मी कुंपणाशी शेणी थापत होते. पलीकडे मावशी पायरीवर बसली होती आणि पोर अंगणातून तिच्याकडे यायला निघाली. दोन्ही हात पुढे करून, हसत, आज्ये, आज्ये करत.

मावशी उठून मागे सरकली. "येव नको गो बाय. थंयच रव," ती म्हणाली. पोरीला तो खेळ वाटला. ती आणखी जोरात आली, आणि पायरीच्या दगडाला अडखळून तोंडावर आपटली. मावशीच्या पायाशीच. ओठ फुटला, रक्त आलं. पोर पालथी पडून किंचाळत होती आणि मावशी फडक्यातला हात काखेत दाबून तिच्यावर वाकून उभी होती. हातभर अंतर होतं. तिनं हात लावला नाही.

"मंदा! मंदा गो!" ती ओरडली. मंदा विहिरीवर होती. मग तिनं मला बघितलं. "शेवंता, उचल गो तेका! माका उचलूक येणा नाय, उचल!"

मी बेड्यातून, म्हणजे कुंपणाच्या फाटकातून, पलीकडे गेले, अंगणातल्या घागरीतल्या पाण्यानं हात धुतले आणि पोरीला उचलून घेतलं. तिचं रक्त माझ्या खांद्याला लागलं. ती माझ्या गळ्याला मिठी मारून हुंदके देत राहिली. तिच्या जावळाला दुधाचा वास येत होता. मावशी समोर उभी होती, आमच्या दोघींकडे बघत.

"एकदा म्हण गो," ती म्हणाली. "रोयण लांब नाय. आताच जावया. एकदाच."

मी पोरीची पाठ थोपटत राहिले, ती शांत होईपर्यंत, मावशीसमोरच. घाई केली नाही. मंदा धावत आली तेव्हा तिला मुलगी दिली, ओठाला हळद लावायला सांगितली आणि बेडं ओलांडून घरी आले.

खोटं कशाला सांगू? मी भात टाकला, सुकटीची चटणी केली आणि त्या दिवशी पोटभर जेवले.